महानंदाकाकूंचे गुडघे

आमच्या गल्लीत कुणाला दिवस गेले, की सगळ्यांत आधी महानंदाकाकूंचे गुडघे दुखायला लागायचे.

एरवी ते गुडघे ठणठणीत होते. ताडकळसच्या आठवडी बाजारातून त्या ज्वारीचं गाठोडं डोक्यावर घेऊन यायच्या. मांडी घालून निवडायला बसल्या की सूप रिकामं झाल्याशिवाय उठायच्या नाहीत. पण एखाद्या सकाळी भिंत धरून धरून त्या ओट्यावर यायच्या, कण्हत खाली बसायच्या आणि समोरून जाणाऱ्या पहिल्या बाईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "अगं माय गं, गेले माझे गुडघे. आता डिंकाच्या लाडवाबिगर इलाज न्हाई."

झालं! ती बाई आडावर पोचली की घागर ठेवायच्या आधी बातमी ठेवायची. "काकूचे गुडघे दुखायलेत."

"या बया! कोणाचं गं?"

मग बायका एकमेकींच्या पोटाकडे बघायला लागायच्या. समोरच्या देशमुखीणबाईंना तर आपल्या सुनेची बातमी अशीच कळली. काकू ओट्यावर बसून देशमुखांच्या दाराकडे बघून कण्हत होत्या. देशमुखीणबाई तशाच आत गेल्या आणि सुनेला म्हणाल्या, "काय गं, मला कामून सांगितलं न्हाईस?" सुनेनं तोवर नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं. एकदा काकू दोन्ही गुडघे धरून बसल्या आणि सुताराच्या घरी जुळी झाली. यावर काकूंना कुणी छेडलं तर त्या चिडायच्या. "माझ्या हाडांचं दुखनं, अन् तुमाला चेष्टा सुचायलीय!"

मूल यायच्या आधी त्याच्या तयारीची दवंडी पिटू नये, असं आमच्या भागात सगळेच मानतात. काकूंनी मात्र ते पार टोकाला नेलं होतं. 'बाळंतीण' हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. त्यांच्या घरात अळीव यायचे ते केस गळतात म्हणून. बाळंतशेपा यायच्या त्या अप्पांच्या पोटात गुबारा धरतो म्हणून. जुन्या लुगड्याची मऊ दुपटी शिवायला घेतली की त्या म्हणायच्या, "हातपुसणी शिवायलेय." एवढीशी चौकोनी, काठाला हिरवी दोऱ्याची वेल काढलेली हातपुसणी! डोहाळजेवणाला त्या यायच्या, पोटभर जेवायच्या आणि निघताना सांगायच्या, "सहज आले होते. घरी भाजी न्हवती."

लाडू मात्र त्यांच्यासारखे कुणाला जमत नसत. डिंक तुपात असा फुलवायच्या की गल्लीच्या तोंडापर्यंत वास जायचा. खारीक, खोबरं, खसखस, सुंठ, आणि आमच्या भागातली खास गोडंबी, म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. गोडंबी त्या मोजून नाही, मूठ भरून घालायच्या. डबा भरला की त्या चार दिवस लंगडत, आणि मग तो डबा घेऊन दिवस गेलेल्या सुनेच्या घरी जात. "माझ्यानं एवढे खाववत न्हाईत. तुमच्या सुनेला द्या. वाया कामून घालायचे?"

गावात नवीन आलेल्या डॉक्टरांनी काकूंचं दुखणं खरं धरलं. बिचारे भले गृहस्थ. सुई घेऊन स्वतः ओट्यावर आले. सुई बघताच काकू उठल्या आणि परसदारानं अशा पळाल्या की डॉक्टर हात वर धरून तसेच उभे राहिले. संध्याकाळी परत लंगडत आल्या.

दुसरी फजिती फ्रीजची. जिनिंगच्या गिरणीतल्या मॅनेजरांकडे गल्लीतला पहिला फ्रीज आला. त्यांची सून शहरातली. तिचे गुडघे, म्हणजे काकूंचे गुडघे, पाचव्या महिन्यातच दुखायला लागले होते. ती म्हणाली, "काकू, वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवू. लाडूच काय, भाज्यासुद्धा करून ठेवू. महिनोन्‌महिने टिकतं." काकूंनी कौतुकानं डबा दिला. वेळ आली तेव्हा लाडू बाहेर काढले, तर त्यांचे धोंडे झालेले. मॅनेजरांच्या आईनं एक चावायला घेतला आणि उरलेला दात गमावला. काकूंनी तो डबा उराशी धरून परत आणला. "अंगात ऊब यावी म्हनून करायचं, अन् बर्फात ठिवायचं? माझ्या गुडघ्यात थंडी भरली की!" त्यांनी रातोरात नाही, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नवे लाडू वळले.

आता आम्ही तिथे कसे आलो ते सांगते. मी शाळेत मास्तरीण. आमचं लग्न दोन्ही घरांना न विचारता झालेलं, जाती वेगळ्या. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटून नुकता विझला होता आणि विझला होता असं तरी कसं म्हणायचं! गावात खोली बघायला गेलो की मालक आडनाव विचारायचा आणि मग त्याला आठवायचं, की पुढच्या महिन्यात भाचा राहायला येणार आहे. तीन घरी असे भाचे निघाले. माझ्या आईनं तर निरोपच धाडला होता, की आमची एक मुलगी होती, ती वारली.

काकूंचं घर लिंगायत वाण्याचं. गळ्यात लिंग, कपाळाला विभूतीचे पट्टे. त्यांच्या दारात उभी राहिले तेव्हाच मी मनात परतीची पावलं टाकली होती. काकूंनी आमचं आडनाव ऐकलं. अप्पांकडे पाहिलं. अप्पा, म्हणजे त्यांचे यजमान मन्मथअप्पा, किराणा दुकानाला निघाले होते. ते नेहमीसारखेच काही बोलले नाहीत. काकू म्हणाल्या, "वरची खोली गळती. खालची घ्या."

एवढंच. त्या खालच्या खोलीत आम्ही सात-आठ वर्षं राहिलो.

पहिल्याच पावसाळ्यात मी हिवतापानं पडले. काकू उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवत होत्या. तापाच्या भरात मी त्यांना 'आई' म्हणाले. ताप उतरला, पण शब्द राहिला. मला तो फार दिवसांनी सापडला होता, तो मी सोडते थोडीच! "आई, ताक आहे का?" "आई, मी शाळेत जाते हो." काकूंना गल्लीतून कुणी हाक मारली की त्यांचं लांबलचक 'ओऽ' चार घरं ओलांडून जायचं. माझ्या हाकेला मात्र त्या कधी ओ देत नसत. नुसत्या थांबायच्या, हातातलं भांडं इकडचं तिकडे ठेवायच्या आणि हवं ते आणून द्यायच्या. मी समजले, की लाजतात.

मग मला दिवस राहिले.

मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगायची गरजच काय! मी रोज सकाळी दार उघडून आधी ओट्याकडे बघायची. माहेर तुटलेल्या बाईनं पहिलं बाळंतपण कुठे करावं, याचं उत्तर मला त्या ओट्यावर मिळणार होतं. काकू भिंत धरून येतील, कण्हतील आणि मग आपलंही कुणी आहे असं होईल.

काकू यायच्या ताठ. तिसरा महिना गेला, पाचवा गेला. पोट दिसायला लागलं. आडावरच्या बायका माझ्याकडे बघत आणि मग काकूंच्या पायांकडे बघत. काकूंचे पाय असे काही चालायला लागले होते, की पोरीबाळींनी लाजावं. एरवी दोनदा चढायच्या तो जिना त्या दिवसातून दहादा चढायच्या. एक दिवस मी न राहवून विचारलं, "आई, गुडघे कसे आहेत?"

"लय चांगले," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "काय सुदिक झालं न्हाई त्यांना. मी पळत येलदरीला जाऊन यीन."

खरं वाईट वाटायचं ते पुढेच होतं. सातव्या महिन्यात एका दुपारी काकूंच्या स्वयंपाकघरातून डिंक फुलल्याचा वास आला. माझा जीव असा काही हलका झाला, की मी पोट सांभाळत जवळजवळ धावतच दारात गेले. काकूंनी मला बघितलं आणि परात पदराखाली घेतली. लाडू कुंभाराच्या सुनेसाठी होते. तिला माझ्यानंतर दिवस गेले होते.

"डावा गुडघा जरा..." काकू म्हणाल्या आणि थांबल्या. "कालपर्यंत दुखत व्हता. आज न्हाई."

त्या दिवशी मी खोलीत येऊन खूप रडले. देशमुखीणबाई समजूत घालायला आल्या आणि मीठ चोळून गेल्या. "मनाला लावून घेऊ नका मास्तरीणबाई. खोली देनं एगळं, अन् बाळंतपनाचं रांधून घालनं एगळं. शेवटी जात म्हनून काई असतीच की."

माझा स्वभाव आधीच तिखट. मी डोळे पुसले, पिशवी घेतली आणि मन्मथअप्पांच्या दुकानात जाऊन उभी राहिले. नको कुणाचे लाडू. माझे मी करीन. "अप्पा, डिंक द्या. खारीक द्या, गोडंबी द्या. सगळं द्या."

अप्पा दिवसभरात भाव सोडून दुसरं काही बोलत नसत. गिऱ्हाईक आलं, की आकडा सांगायचे आणि गप्प. त्यांनी तराजू उचलला, पारड्यात डिंक घातला आणि तसाच धरून ठेवला.

"बाई," ते म्हणाले, "तिला आई म्हनू नका."

माझ्या अंगाचा भडका उडाला. पण त्यांनी तराजू अजून खाली ठेवला नव्हता, म्हणून मी थांबले.

"आमची उमा व्हती," अप्पा म्हणाले. "एकलीच. चारठान्याला दिलेली. पयल्या खेपेला हितं आनली. हिला लय हौस. सगळ्या गल्लीला बोलावून लाडू वळायला बसली. माझ्या लेकीचे लाडू, माझ्या लेकीचे लाडू म्हनून घरोघर चव द्यायला फिरली. एवढा मोठा डबा भरला. मग परभणीला दवाखान्यात नेली. लेक आली न्हाई, लेकरूबी आलं न्हाई. डबा तसाच घरात."

एक गिऱ्हाईक आलं. अप्पांनी त्याला हातानंच नंतर ये म्हणून सांगितलं.

"मंग ती रोज त्या डब्यातला लाडू खायची. भाकर न्हाई, काई न्हाई, नुस्ता लाडू. बायका इचारायच्या, महानंदा, तू कामून खायलीस हे? तर म्हनायची, गुडघे दुखायलेत. तवापासून दुखायलेत बगा."

मी दुकानाच्या फळीला टेकले.

"दुसऱ्याच्या लेकीसुनांना ती करती. त्याचं तिला भ्या न्हाई. आपल्या लेकीला केल्यावर काय व्हतं, ते तिनं बगितलंय. तुमी आई म्हनल्या अन् तिचे हात थांबले. रोज रडती. म्हनती, हिला मी काई केलं तर हीबी जाईल."

अप्पांनी पारड्यातला डिंक परत बरणीत ओतला. "असू द्या हे हितंच," म्हणाले.

घरी येईपर्यंत मी एक शब्द तोंडातल्या तोंडात घोळवत आले. काकूंच्या उंबऱ्याशी उभी राहिले. त्या चुलीपुढे पाठमोऱ्या बसल्या होत्या. मी हाक मारली, "काकू!"

सोपा शब्द आहे. सगळी गल्ली दिवसातून शंभरदा म्हणायची. पण मला तो म्हणताना माझी आई दुसऱ्यांदा तुटल्यासारखं वाटलं.

काकूंचा हात थांबला. त्या हळूच वळल्या.

"काकू, जरा मीठ द्या," मी म्हणाले.

"ओऽ," त्या म्हणाल्या. समोर दोन हातांवर मी उभी असताना त्यांनी चार घरं ओलांडणारं ओ दिलं. "देते की. देते माय." मिठाची वाटी माझ्या हातात ठेवताना त्यांनी विचारलं, "अप्पा काई बोलले का गं?"

"अप्पा कधी बोलतात का?"

"तेबी खरंच," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसून धुराला शिव्या दिल्या. चूल पेटलेलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर मोठा आकांत ऐकू आला. मी दार उघडलं. काकू भिंतीला दोन्ही हातांनी धरून पाऊल पाऊल टाकत होत्या. आडावरच्या सगळ्या बायका घागरी घेऊन उभ्या होत्या.

"मेले गं मेले! गेले माझे गुडघे!"

"लय दुखायलेत का काकू?" देशमुखीणबाईंनी विचारलं. त्या खजील झाल्या होत्या, हे मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू!

"लय," काकू माझ्याकडे बघत म्हणाल्या. "जिंदगीत असे दुखले न्हाईत."

त्या लाडवांचा डबा मला दोन्ही हातांत मावत नव्हता. वर दुसरा मेथीचा. तिसऱ्यात भाजलेला ओवा, सुंठ, खोबरं, कसलंकसलं कुटून ठेवलेलं. हातपुसणी तर इतकी, की मी साऱ्या शाळेचे हात पुसले असते. "माझ्यानं खाववत न्हाईत," एवढं बोलून त्या लंगडत निघून गेल्या. मी एक लाडू फोडला. त्यात गोडंबीच गोडंबी होती. मी दाराआड उभी राहून तो पुरा खाल्ला आणि नेमकं कशाचं रडू येतंय, ते मला कळेना.

परभणीला मुलगी झाली. काकू यष्टीनं आल्या. इतक्या लंगडत चढल्या होत्या, की कंडक्टरनं त्यांना पुढची जागा रिकामी करून दिली. दवाखान्यात त्या दारापाशीच थांबल्या, आत यायचं धाडस होईना. शेवटी नर्सला विचारलं, "त्या बाईचे गुडघे कसे हायत?" नर्स म्हणाली, "गुडघ्यांना काय झालंय? बाई चांगली आहे, लेक चांगली आहे."

तेव्हा कुठे काकू आत आल्या. खाली फरशीवर पटकन मांडी घालून बसल्या, कशाला धरलं नाही, कण्हल्या नाहीत. मुलीला मांडीवर घेतलं आणि तिच्याकडे बघत राहिल्या. "बरं वाटायलंय आता गुडघ्यांना," म्हणाल्या.

आम्ही दोघी पुढे त्या कराराला जागलो. मी कायम काकूच म्हटलं आणि त्यांनी मला मास्तरीण. माझ्या दुसऱ्या खेपेलाही त्यांचे गुडघे वेळेवर दुखले. माझ्या घरून कुणी आलं नाही, शेवटपर्यंत नाही. पण उन्हाळ्याच्या सुटीत काकू लोणच्याची बरणी भरून ठेवायच्या, दिवाळीत मुलींना परकर-पोलकी शिवायच्या, आणि यातल्या कशालाही नाव द्यायच्या नाहीत. मला कितीदा तरी शब्द ओठांवर यायचा. गिळून टाकायची. त्यांची भीती खुळी होती, हे मला शिकलेल्या बाईला कळत होतं. पण मुली हसतखेळत असताना ती भीती हलवून बघायची माझी छाती नव्हती.

पुढे आमची बदली जिंतूरला झाली. विद्यापीठाच्या नावाचा इतक्या वर्षांचा वाद ज्या थंडीत एकदाचा मिटला, त्या थंडीत अप्पांचा निरोप आला, की काकू बिमार आहेत. मी डिंकाचे लाडू करून घेऊन गेले. त्यांनी अर्धा खाल्ला, बराच वेळ चघळला. "गोडंबी कमी पडली," म्हणाल्या.

"तुमच्या मुठीएवढी माझी मूठ नाही, काकू."

त्या हसल्या. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, "मास्तरीण, खरं सांगू का? माझे गुडघे कवाच दुखले न्हाईत."

"काहीतरीच काय, काकू," मी म्हणाले. "दुखत होते की. मी बघितलंय."

त्यांनी माझा हात धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. लिंगायतांमध्ये जाळत नाहीत, बसवून माती देतात. जंगमस्वामी आले. अंग कडक व्हायच्या आत मांडी घालून भिंतीशी बसवायला हवं, म्हणाले. अप्पांचे पुतणे पुढे झाले. एकानं खांदे धरले. दुसऱ्यानं पाय धरून गुडघ्यावर जोर दिला. पाय दुमडेना, तसा त्यानं आणखी जोर लावला.

"हळू!" मी ओरडले. "हळू घ्या! आईचे गुडघे दुखतात!"

सगळी गल्ली त्या खोलीत होती. ते गुडघे कधी दुखले नव्हते, हे माहीत नसलेलं तिथं कुणीच नव्हतं. कुणी हसलं नाही. देशमुखीणबाईंनी तोंडाला पदर लावला. पुतण्या गोंधळून अप्पांकडे बघायला लागला.

अप्पा कोपऱ्यातून उठले. त्याला बाजूला करून स्वतः खाली बसले आणि काकूंच्या गुडघ्याखाली आपला तळहात घातला.

"हळूच घ्या रे," ते म्हणाले. "तिची लेक सांगायलीय."